पेन टॅबलेट, अकरा महिने आणि निबचा हिशेब

शुक्रवारी रात्री साडेअकराला माझ्या पेन टॅबलेटच्या (लॅपटॉपला जोडून चित्रं काढायची पाटी) पेनची निब, म्हणजे बदलता येणारं प्लॅस्टिकचं टोक, मोडली. झिजली नाही, मोडली. कट्कन आवाज आला, टोक टॅबलेटवर पडलं आणि बूड पेनच्या आतच राहिलं. निब काढायला बॉक्समध्ये ती धातूची छोटी कडी मिळते, पण तिच्यात धरायला बाहेर काही उरलंच नव्हतं. रविवारी आमच्या ऑनलाइन चाहत्यांच्या ग्रुपच्या छापील अंकाचं पान द्यायचं होतं. तर हा रिव्ह्यू त्या रागातून लिहिलेला आहे, हे आधीच सांगते.

टॅबलेट नेहमीचाच : दहा बाय सव्वासहा इंच, बिनस्क्रीनचा, पेनला बॅटरी नाही, ८१९२ प्रेशर लेव्हल (पेन किती दाबलं ते ओळखायच्या पायऱ्या). या किमतीतले बरेचसे असेच असतात, म्हणून स्पेक्सची यादी देत बसत नाही. कंपनीचं नावही देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे आणि मला पेन परत हवाय. सेलमध्ये ३,९०० रुपयांना घेतला.

मी कोल्हापुरात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. लॉकडाऊनमध्ये भाच्याने व्हॉलीबॉलवरची एक जपानी मालिका लावून दिली होती. तो त्यातून केव्हाच बाहेर पडला, आत्या आतच राहिली. त्या मालिकेच्या चाहत्यांचा डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर मोठा ग्रुप आहे, त्यात आम्हा दहा-बारा मराठी लोकांचा एक कोपरा आहे. सुरुवातीला मी नुसती बघायचे. मग वहीत पेन्सिलने काढून मोबाईलने फोटो टाकू लागले. फोटोत कागदावर माझ्याच हाताची सावली यायची. शेवटी ही खरेदी केली. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, कारण क्रिता फुकट आहे. (स्वीडिशमध्ये क्रिता म्हणजे खडू. मला आधी आपल्या ‘कृत’वरून आलंय असंच वाटलं होतं.)

आता निब.

बॉक्समध्ये दहा निब आल्या. टॅबलेटचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलाय, कागदासारखा वाटावा म्हणून. वाटतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो निब खातो. पहिल्या महिन्यात तीन गेल्या. गोल टोक आधी एका बाजूने चपटं होतं, मग त्याला पटाशीसारखी धार येते आणि ती धार उलट टॅबलेटवरच ओरखडे काढते. मी ऑफिसच्या जुन्या डायरीत तारीख आणि तास लिहून ठेवले आहेत (व्यवसायाची खोड). सरासरी एका निबला ३५ तास. दहा निबचं पाकीट ४५० रुपये, कुरिअर ८०. म्हणजे निबला ५३ रुपये, तासाला दीड रुपया. आकडा लहान वाटेल, पण पेन्सिलीला इतका खर्च येत नाही. कुठल्याच रिव्ह्यूमध्ये हे कुणी सांगत नाही, सगळे बॉक्स उघडून दाखवतात आणि गप्प होतात.

हे सगळं मी चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर इथेच एक स्टार देऊन उठले असते. पण पाचव्या महिन्यात ग्रुपवरच्या नागपूरच्या एका मुलीने माझं चित्र बघून विचारलं, “ताई, तुमच्या सगळ्या रेषा एकाच जाडीच्या कशा? प्रेशर बंद आहे का?” बंद नव्हतं. तिने क्रिताच्या सेटिंगमधला टॅबलेट टेस्टर उघडायला लावला. त्यात पेन चालवलं की प्रेशरचे आकडे दिसतात. माझा आकडा पेन टेकताच थेट वर जाऊन बसायचा. कंपनीने ८१९२ पायऱ्या दिल्या होत्या आणि मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या पायरीवर उभी होते.

कारण माझं मलाच कळलं. पंधरा वर्षं पावती पुस्तकं लिहिली आहेत. खाली दोन कार्बन, तिसऱ्या प्रतीवर उमटलं पाहिजे म्हणून हात दाबूनच चालतो. तोच हात टॅबलेटवर. तिने ड्रायव्हरमध्ये (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर) प्रेशरची कमान मऊ करायला सांगितली, म्हणजे हलक्या हातालाही रेष जाड येते आणि दाबायची गरज उरत नाही. पहिला आठवडा सगळं भरकटल्यासारखं झालं. मग रेष सुरुवातीला बारीक, मध्ये भरलेली, शेवटी पुन्हा बारीक अशी येऊ लागली. केस काढताना तर मला माझंच खरं वाटेना. आणि डायरी सांगते की त्यानंतरची निब १०४ तास चालली. तेव्हा निब खाणारा टॅबलेट हे वरचं वाक्य अर्धं मागे घेते. अर्धंच. खरखरीत तो आहेच.

दुसरी गोष्ट मात्र सरळ कंपनीच्या माथी. ड्रायव्हर टाकल्यावर टॅबलेटचा सगळा भाग सगळ्या स्क्रीनला जोडलेला असतो. ऐकायला बरं वाटतं. पण टॅबलेट १६:१० आहे आणि माझा लॅपटॉप १३६६ बाय ७६८, म्हणजे १६:९. त्यामुळे हाताने आडवी एक इंच रेष ओढली तर ती उभ्या एक इंचापेक्षा अकरा टक्के लांब उमटते. तीन महिने माझे सगळे खेळाडू गालफुगे येत होते. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “यांचा सामना जेवण झाल्यावर होता का?” मी हसले आणि गाल आत घ्यायला लागले. मग हनुवट्या टोकदार झाल्या. चूक सेटिंगमध्ये, दुरुस्ती मी चेहऱ्यात करत होते.

सापडलं ते योगायोगाने. चेंडू नीट गोल येत नव्हता म्हणून आईची काचेची बांगडी टॅबलेटवर ठेवली आणि आतल्या कडेने पेन फिरवलं. (स्टीलच्या वाटीने करू नका, धातू जवळ आला की कर्सर थरथरतो.) स्क्रीनवर बांगडी आडवी ताणलेली, अंडाकृती. हात चुकू शकतो, बांगडी कशी चुकेल? ड्रायव्हरमध्ये ‘प्रमाण राखा’ अशा अर्थाची एक चौकट होती, तिच्यावर टिक केली. गोल आला. पण त्याबरोबर टॅबलेटच्या खालची दीड सेंटीमीटर पट्टी निकामी झाली, तिथे पेन चालतच नाही. म्हणजे दहा बाय सव्वासहाचे पैसे देऊन मी दहा बाय साडेपाच वापरतेय. ती पट्टी रोज दिसते आणि रोज टोचते. सध्या तिच्यावर खोडरबर ठेवते, ज्याचा डिजिटलमध्ये काही उपयोग नाही.

विंडोज अपडेटनंतर प्रेशर गायब होणं हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. क्रितामध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (पेनचं प्रेशर सॉफ्टवेअरपर्यंत पोचवायचे दोन मार्ग) यांची अदलाबदल करून बघा, दोन्हीपैकी एक चालतं. पुढे.

ग्रुपबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही, कारण टॅबलेटमधलं अर्धं मला तिथेच कळलं. आमच्या मराठी कोपऱ्यात एक पद्धत आहे. चित्र टाकताना खाली ‘लाल चालेल’ असं लिहिलं तरच कुणी त्यावर लाल रेषेने दुरुस्ती करून दाखवतं. नाही लिहिलं तर फक्त बदाम. पहिले सहा महिने मी कधीच ‘लाल चालेल’ लिहिलं नाही. ऑफिसात साहेब लाल पेनने जे करतात ते घरी कशाला, असं वाटायचं.

जुलैमध्ये स्मॅश मारणारा खेळाडू काढला. उडी मारलेली, उजवा हात वर. सगळं बरोबर असूनही हात बाहुलीला नंतर टाचल्यासारखा दिसत होता. चार दिवस मी फक्त हात खोडत होते. शेवटी दोन शब्द लिहिले आणि लॅपटॉप मिटून झोपले. सकाळी पुण्याच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंची लाल रेष आली होती. हाताला त्यांनी हातच लावला नव्हता. त्यांनी एकच रेष ओढली होती, गळपट्टीच्या हाडाची. खाली लिहिलं होतं : “हात कानापर्यंत गेला की हे हाड आडवं राहत नाही, बाहेरचं टोक वर जातं, पाठीमागे खांद्याचा फरा फिरतो. आरशासमोर करून बघा.” मी ऑफिसला जायच्या साडीतच आरशासमोर हात वर केला आणि दुसऱ्या हाताने हाड चाचपलं. खरंच वर जातं. चाळीस वर्षं हे हाड माझ्याजवळ आहे.

तेव्हापासून मी सगळ्यांची हाडं बघते. शनिवारी संध्याकाळी मैदानावर जाऊन बसते. आमच्या भागात शूटिंग व्हॉलीबॉलचा नाद जास्त, मला पासिंगवाले, म्हणजे मालिकेतल्यासारखं पास देऊन स्मॅश मारणारे, हवे असतात, त्यामुळे कॉलेजच्या मुलांचा सराव गाठावा लागतो. ऑफिसच्या रद्द ताळेबंदांच्या पाठकोऱ्या बाजूवर काढते. त्याच कागदांवर ड्रॉअबॉक्स या ऑनलाइन चित्रकला कोर्सचा २५० खोक्यांचा अभ्यासही केला. तो कागदावर शाईनेच करायला सांगतात, टॅबलेटवर नको म्हणतात. तेवढ्याच निब वाचल्या.

आणि चेंडू. एकाने दाखवून दिलं की व्हॉलीबॉलला १८ पट्ट्या असतात, तीन-तीनचे सहा गट. मी १२ काढल्या होत्या आणि कुठल्याच गटात बसत नव्हत्या. असल्या चुका काढणारे लोक आधी फार खटकायचे. आता मीच दुसऱ्यांच्या मोजते.

क्रितात एम दाबला की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. पहिल्यांदा दाबला तेव्हा माझे सगळे खेळाडू डावीकडे कलंडलेले, बसमध्ये वळणावर उभे असल्यासारखे. हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी वर्षभर तिरकीच माणसं काढत बसले असते.

आता सर्व्हिस. शनिवारी सकाळी चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, निब हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही. मी लिहिलं, निब नको, माझ्याकडे चार आहेत, पेनमधला तुकडा काढून द्या. उत्तर, पेनला बाहेरून इजा झाली असेल तर वॉरंटी नाही, नवीन पेन १,६५० रुपये. ३,९०० च्या वस्तूत १,६५० चं नुसतं पेन! मी वॉरंटी कार्ड शब्दन् शब्द वाचलेलं आहे, ‘इजा’ या शब्दावर मी दोन तास भांडले. शेवटी त्यांनी मागितलं, निब निघत नाही याचा व्हिडिओ पाठवा. आता निब निघत नाही याच्या व्हिडिओत काय दिसणार? मी चिमटा घेऊन चाळीस सेकंद काहीच न घडण्याचं चित्रीकरण केलं आणि पाठवलं. तेव्हा रेटिंग ठरवलं होतं : एक स्टार.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. आज बुधवार.

रविवारी ग्रुपवर पेनचा फोटो टाकून रडगाणं गायलं. तासाभरात मलेशियातल्या एकीने उपाय सांगितला, तिचं पेन असंच दोनदा अडकलं होतं म्हणे. साधी शिवणाची सुई पक्कडीत धरून गॅसवर तापवायची, पेन उभं धरून तुटलेल्या प्लॅस्टिकमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर घुसवायची, हात न हलवता गार होऊ द्यायची, मग सरळ ओढायची. आई बाजूला उभी राहून, “आत वायरी असतील गं, जळेल,” म्हणत होती. तिचं बरोबरच होतं, सुई कडेला लागली असती तर पेन गेलंच असतं. पहिल्यांदा सुई नुसतीच निघून आली. दुसऱ्यांदा तिच्या टोकावर चण्याच्या डाळीएवढं पांढरं बूड होतं. टेस्टर उघडला. प्रेशर चालू.

अंकाच्या पानाला संपादकांनी मंगळवारपर्यंत मुदत दिली. त्यातही एकदा परत आलं होतं, मी मोबाईलच्या मापाचं चौकोनी चित्र ताणून पाठवलं होतं. ए-५ छापायला ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १७४८ बाय २४८० पिक्सेल लागतात, वर कापायला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर. हे आधीच बघा, मी अख्खं पान दोनदा काढलंय.

मलेशियातल्या त्याच बाईने निबचीही गोष्ट सांगितली : गवत कापायच्या मशीनची नायलॉन वायर. सोमवारी ऑफिस सुटल्यावर शाहूपुरीत शेती अवजारांच्या दुकानात गेले, सगळ्यात बारीक वायर मागितली. दुकानदार म्हणाले, “मॅडम, मशीन कुठलं?” मी पर्समधून पेन काढून दाखवलं. त्यांनी पेन बघितलं, मला बघितलं आणि वायर कापून दिली. दोन मीटर, चाळीस रुपये. ती किंचित जाड पडते, पॉलिश पेपरने घासून बसवावी लागते, पेन घट्ट धरेल पण अडकवणार नाही इतपत. एका निबला दीड सेंटीमीटर पुरतो, म्हणजे शंभराच्या वर निब झाल्या. निबला चाळीस पैसेही पडत नाहीत. मूळ निबपेक्षा जरा घसरते आणि टॅबलेटवर वेगळाच आवाज करते, पण मंगळवारचं अख्खं पान तिच्यावर केलंय आणि टोक अजून गोल आहे. डायरीत नवीन पान सुरू केलं.

तर स्टार तीन. एक त्या खालच्या पट्टीसाठी कापला, एक सर्व्हिससाठी. घ्यायचा असेल तर सेलमध्येच घ्या, आणि आल्याबरोबर आधी बांगडी ठेवून बघा.

आत्ताच कंपनीची मेल आली आहे. व्हिडिओत निब स्पष्ट दिसत नाही, चांगल्या उजेडात पुन्हा काढून पाठवा, मग केस पुढे नेऊ. निब तर निघाली. आता न निघणारी निब मी कुठून आणू?