झिंक प्लेटिंगचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र): चुना की कॉस्टिक?
सांडपाण्यातलं झिंक गाळ करून खाली बसवायला पीएच वाढवावा लागतो, त्यासाठी चुना किंवा कॉस्टिक सोडा घालतात. कॉस्टिक सोयीचं, डोसिंग पंप लावला की झालं. पण पीएच 9 च्या आसपास थांबवायचा असतो. जरा हात सैल सुटला की तो 11 च्या वर जातो आणि खाली बसलेलं झिंक पुन्हा विरघळतं. गाळही कापसासारखा हलका. सेटलरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) वाहतो, टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) वाढवतो.

चुन्याचा गाळ जास्त, विल्हेवाटीचा खर्चही जास्त. तरी जागा असेल तर चुनाच घ्यावा: गाळ जड, फिल्टर प्रेसमध्ये (गाळातलं पाणी दाबून काढणाऱ्या यंत्रात) त्याचा केक घट्ट बसतो. चुन्याची 10 टक्के स्लरी (पाण्यात कालवलेला चुना) सतत ढवळा, सांडपाण्यात मिसळल्यावर 20-30 मिनिटं द्या. शिफ्ट संपताना लाइन धुवा, नाहीतर एल्बोत (पाइपच्या वळणात) चुना दगडासारखा धरतो. पीएच प्रोबवर पांढरा थर दिसला की सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, धुऊन, पुन्हा कॅलिब्रेट करा.