मरगळलेला शिकारी मासा घ्यायचा, की शेजारचा धडधाकट?

दुकानातल्या टाकीत ऑस्कर जातीचा एक मासा कोपऱ्यात पडून आहे. रंग काळवंडलेला, पर मिटलेले, डोळ्यांच्या वर दोन-तीन बारीक खड्डे. त्याचा भाऊबंद मात्र काचेला तोंड लावून खाणं मागतोय. पहिल्यावर दुकानदार घसघशीत सूट द्यायला तयार आहे. घ्यायचा कुठला?

नुसती 'आजारी की निरोगी' अशी तुलना इथे पुरत नाही. मी आधी बघतो, की माशाची ही अवस्था टाकीनं केली आहे की रोगानं. घाण पाणी, गर्दी, मारामारी, प्रवास, उपासमार यांपैकी काही कारण असेल, तर जागा बदलल्यावर मासा बऱ्याचदा सावरतो. रोग असेल तर तो पिशवीतूनच तुमच्या घरी येतो.

वाटतो आजारी, पण तसा नसतो

शिकारी मासे यात फार फसवतात. नव्या टाकीत आलेला ऑस्कर चक्क आडवा पडून राहतो, कुणाकडे बघत नाही, खात नाही. हा त्याचा रुसवा असतो. स्नेकहेड आणि बिचिर अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतात, कारण स्नेकहेडला कल्ल्यांच्या वर हवेसाठी वेगळा कप्पा असतो आणि बिचिरला तर फुप्फुसंच असतात. त्यामुळे त्यांचं वर येणं नेहमीचं. पण ऑस्कर किंवा पीकॉक बास पृष्ठभागाला लटकून धापा टाकत असेल, तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे, अमोनिया (विष्ठेतून साठणारं विष) वाढलाय किंवा कल्ल्यांनाच काहीतरी झालंय. त्याच टाकीतले बाकीचे मासेही धापा टाकत असतील तर दोष बहुधा पाण्याचा. एकटाच टाकत असेल तर दोष त्याच्यात.

पफरचं दुखणं आणखी वेगळं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गोगलगायींसारखं कडक कवचाचं खाणं मिळालं नाही तर इतके वाढतात, की तोंडच नीट उघडत नाही. तो भुकेनं खंगलेला असतो, पण रोगी असतोच असं नाही. दात कापून देता येतात. मात्र ते काम जाणकाराचं, पहिल्यांदाच पफर पाळणाऱ्यानं त्यात हात घालू नये. अरोवानाचा डोळा खाली वळलेला असेल तर तो सहसा सरळ होत नाही, पण मासा त्यानं मरतही नाही. दिसण्याशी तडजोड करायची तयारी असेल तर खुशाल घ्या.

रोड की खंगलेला

पोट सपाट असणं आणि पाठ झिजणं यात मोठा फरक आहे. शिकारी मासा बरेच दिवस उपाशी काढू शकतो, तेव्हा पोट खपाटीला गेलेलं बघून घाबरायचं कारण नाही. माशाला समोरून आणि जमलं तर वरून बघा. डोक्याच्या मागचा पाठीचा भाग भरलेला असेल तर तो नुसता भुकेला आहे. तिथलं मांस आटून पाठीला धार आली असेल आणि डोकं अंगापेक्षा मोठं दिसत असेल, तर दुखणं जुनं आहे. सोबत पांढरी, चिकट, लोंबणारी विष्ठा दिसली तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यावा. गुदद्वारातून लालसर धागे बाहेर डोकावत असतील तर ते बहुधा कॅमलॅनस जातीचे कृमी असतात. त्यांच्यावर लेव्हामिसोल हे जंतांचं औषध चालतं.

इथेच दुकानदाराला सांगायचं, "माझ्यासमोर खाऊ घाला." आजारी मासा खातो की नाही याला एवढं महत्त्व का, तर आतड्यातल्या दुखण्यावरची मेट्रोनिडाझोलसारखी औषधं खाण्यातून दिली की जास्त परिणाम करतात. न खाणाऱ्या माशाला औषध पाण्यातूनच द्यावं लागतं. ऑस्करच्या डोक्यावरच्या खड्ड्यांचंही तसंच. त्यामागे खराब पाणी, एकसुरी आहार आणि आतड्यातले सूक्ष्म परजीवी अशी कारणं सांगितली जातात. खड्डे बारीक असतील आणि मासा खात असेल तर स्वच्छ पाण्यात ते वाढायचे थांबतात. व्रण राहू शकतात. खड्डे खोल असतील, त्यातून पांढरट काहीतरी बाहेर येत असेल आणि माशानं खाणं सोडलं असेल, तर सूट कितीही मिळो, सोडून द्या.

दोन पांढरे रोग

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण दोन्ही रोगांना लोक ढोबळपणे "पांढरं आलंय" म्हणतात. व्हाइट स्पॉटमध्ये अंगावर आणि परांवर मीठ भुरभुरल्यासारखे सुटे ठिपके असतात. हा रोग आणणारा परजीवी माशाच्या त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो सुटून पाण्यात पोहत असतानाच औषधानं मरतो. म्हणून ठिपके गेले तरी उपचार चालू ठेवावे लागतात. पाणी 30 अंश सेल्सिअसच्या आसपास नेलं तर त्याचं चक्र लवकर पुरं होतं, आणि औषधाला लवकर संधी मिळते. अंगानं भरलेला, खाणारा मासा यातून चांगला बरा होतो. रेडटेल कॅटफिशसारख्या बिनखवल्यांच्या माशांना मात्र औषध सोसत नाही, त्यांचा डोस जपून ठरवावा लागतो.

दुसरा रोग कॉलम्नॅरिस. तो दिसतो करड्या-पांढऱ्या थरासारखा, बहुतेकदा तोंडाभोवती किंवा पाठीवरून दोन्ही बाजूंना उतरलेला. लोक त्याला बुरशी समजतात, पण तो जिवाणूंचा रोग आहे आणि उबदार पाण्यात भराभर पसरतो. म्हणजे व्हाइट स्पॉट समजून हिटर वाढवलात तर मासा एक-दोन दिवसांत हातचा जाऊ शकतो. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साधारण 7.5. कल्ले आधीच बिघडलेले असतील तर हा फरक जाणवतो. ठिपके की थर, हे दुकानात उभं राहून ठरवता येत नसेल तर तो मासा घेऊ नका. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं मारला की बऱ्याचदा कळतं.

काही लक्षणं दिसली की मी पुढे बघतच नाही. खवले उभे राहून अंग फुगलेलं असेल, तर आतले अवयव, बहुतेकदा मूत्रपिंडं, निकामी व्हायला लागलेली असतात. पाठीचा कणा वाकडा, अंगावर उघडी जखम आणि मासा झिजलेला, हे तिन्ही एकत्र असेल तर माशांच्या क्षयाचा धोका असतो. त्याच्या जिवाणूंपैकी मायकोबॅक्टेरियम मरिनम माणसाच्या हातावरच्या चिरेतूनही आत जातो आणि चिवट गाठी आणतो. अशा टाकीत दुकानदारानं हात घातला तरी आपण घालू नये.

मग तिघांपैकी काय?

शेजारचा खेळकर मासा हा सुरक्षित पर्याय वाटतो, पण तो त्याच पाण्यात पोहतोय. आजाऱ्याला व्हाइट स्पॉट असेल तर याच्या अंगावरही परजीवी असू शकतो, फक्त ठिपके अजून उठलेले नसतात. त्यामुळे दोन्हींपैकी कुठलाही घेतला तरी चार ते सहा आठवडे वेगळी टाकी लागणारच. ती नसेल तर वरच्या सगळ्या तुलनेला अर्थ उरत नाही. तळाला वाळू नको, चालू टाकीत आधी मुरलेला स्पंज फिल्टर हवा, आणि अमोनिया व त्यापासून होणारं नायट्राइट दोन्ही शून्य.

आकाराचा विचार इथे होतो. बोटभर ऑस्करला साठ-सत्तर लिटरची टाकी तात्पुरती पुरते आणि औषधही थोडं लागतं. 30 सेंटिमीटरच्या आजारी माशाला वेगळं ठेवायला कित्येकपट पाणी लागतं, तेवढ्या पाण्याला पुरेल असा फिल्टर लागतो आणि औषध लिटरच्या हिशोबानं वाढत जातं. म्हणून माझा कौल असा: मासा लहान, पाठ भरलेली, खाणारा, आणि दोष पाण्याचा वाटतो, तर आजारी दिसणारा घ्यायला हरकत नाही. मासा मोठा असेल तर त्याच लक्षणांवर मी घेणार नाही. कीव येऊन घेतलेल्या माशाची जागा पुढच्या मालात दुसरा मासा भरून काढतो, दुकानातली टाकी तशीच राहते.

तिसरा पर्याय सगळ्यात कमी वापरला जातो: थांबणं. दुकानदाराला मासा राखून ठेवायला सांगा आणि आठवड्याभरानं परत बघा. प्रवासानं दमलेला असेल तर तोवर रंग परततो आणि खायला लागतो.

घेतलाच, तर पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, पहिला दिवस दिवा बंद ठेवा, आणि तो खात नाही म्हणून जिवंत गोल्डफिश टाकू नका. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व बी 1 नष्ट करतं. शिवाय खाद्य म्हणून विकले जाणारे गोल्डफिश स्वतःच अनेकदा रोगट असतात. कोळंबीचा तुकडा किंवा गांडूळ द्या, आणि अर्ध्या तासात खाल्लं नाही तर काढून घ्या.