डोडो दोन्हीकडे आहे: मुलांना ऑक्सफर्डला न्यावं की केंब्रिजला?

लंडनच्या आसपास राहणाऱ्या मराठी आईबापांकडून मला हाफ-टर्मच्या, म्हणजे शाळेच्या सत्राच्या मधल्या सुट्टीच्या, आधी हमखास एक प्रश्न येतो. लंडनचं मोठं नॅचरल हिस्ट्री म्युझियम दोनदा पाहून झालेलं असतं, तिथल्या गर्दीचा धसका बसलेला असतो, आणि आता आणखी कुठे जावं ते कळत नसतं. मी दोन नावं सांगते: ऑक्सफर्ड विद्यापीठाचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम आणि केंब्रिज विद्यापीठाचं झूऑलॉजी म्युझियम. दोन्हीकडे प्रवेश फुकट, दोन्हीकडे रेल्वेनं तासाभरात पोचता येतं. मात्र दोन्ही एका दिवसात जमत नाहीत. निवडावं लागतं, आणि ती निवड मुलाच्या स्वभावावरून करावी असं माझं मत आहे.

डोडोचंच पाहा. मॉरिशसचा हा पक्षी सतराव्या शतकात नामशेष झाला. आज त्याच बेटावर मराठी वंशाची माणसं गणेशोत्सव करतात, हे मी मुलांना आवर्जून सांगते. ऑक्सफर्डकडे डोडोचं डोकं आणि पाय आहे. कातडी आणि मांसाचा अंश टिकून राहिलेला जगातला हा एकमेव डोडो. 2018 मध्ये त्या डोक्याचं स्कॅनिंग झालं, तेव्हा मानेत आणि डोक्याच्या मागच्या बाजूला शिशाचे छर्रे सापडले. म्हणजे या पक्ष्याला कुणीतरी मागून गोळी घातली होती. खरं डोकं आत जपून ठेवलेलं असतं, काचेमागे दिसते ती प्रतिकृती. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मूल हिरमुसतं. केंब्रिजमध्ये डोडोचा जवळजवळ पूर्ण सांगाडा उभा आहे, पण तो एका पक्ष्याचा नाही. मॉरिशसच्या दलदलीत सापडलेली अनेक पक्ष्यांची हाडं जुळवून तो उभा केलेला आहे.

मला दोन्हीकडच्या उपक्रमांतही हाच फरक दिसतो. ऑक्सफर्डमध्ये मूल एका वस्तूपाशी रेंगाळतं. केंब्रिजमध्ये ते तुकडे जुळवायला शिकतं.

ऑक्सफर्डला रविवारी जावं. दुपारी कुटुंबांसाठी कार्यक्रम असतात, मुलांना खरे नमुने जवळून बघायला मिळतात आणि चित्रं काढता येतात. काही पेंढा भरलेल्या प्राण्यांना तर हात लावायची मुभाच आहे. ‘हात लावू नकोस’ ऐकून कान किटलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला याचा आनंद किती होतो, ते पाहायलाच हवं. पण माझा जीव अडकलाय तो इमारतीत. 1860 सालची ही वास्तू, वर काचेचं छत, लोखंडी खांब, आणि भोवतीच्या सज्जांना दगडी खांब. प्रत्येक खांब ब्रिटनमधल्या वेगळ्या दगडाचा, आणि त्या दगडाचं नाव खालीच कोरलेलं. खांबांच्या माथ्यावरची पानंफुलं आयर्लंडहून आलेल्या ओशे बंधूंनी विद्यापीठाच्या बागेतून आणलेल्या ताज्या रोपांवरून कोरली, आणि काही काम अर्धवटच राहिलं. मुलाच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि एका खांबाखाली बसवा, तास कुठे जातो कळत नाही. कार्यशाळेची नोंदणी मिळाली नाही तरी ही कार्यशाळा तुमची तुम्हाला करता येते. तेवढ्यात तुम्ही भूशास्त्रज्ञ बकलंडचा मेगॅलोसॉरस पाहून या. 1824 मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनोसॉर.

केंब्रिजला मात्र शनिवार धरा. झूऑलॉजी म्युझियम सोमवारी बंद, आणि जवळच असलेलं सेजविक हे भूशास्त्राचं म्युझियम रविवारी बंद. शनिवारी गेलात तर एका खेपेत दोन्ही होतात. दारातच डोक्यावर फिन व्हेलचा सांगाडा टांगलेला आहे, जवळजवळ 21 मीटर लांब. 1865 मध्ये हा देवमासा पेव्हेन्सीच्या किनाऱ्याला लागला होता. आतली मांडणी प्राण्यांच्या गटांनुसार आहे. ‘याचा पंख आणि त्याचा हात सारखाच का?’ असं विचारणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला इथे उत्तरं सापडत जातात. अशाच मुलांसाठी म्युझियमचा झूऑलॉजी क्लबही आहे. तो दर महिन्याला भरतो, त्यामुळे केंब्रिजजवळ राहणाऱ्यांनाच तो सोयीचा.

डार्विननं विद्यार्थिदशेत गोळा केलेले भुंगेरे इथे आहेत, आणि त्यानं बीगल जहाजाच्या प्रवासातून आणलेलं एक अंडंही. लहान डब्यात कोंबल्यामुळे त्यानंच ते तडकवलं. अनेक वर्षं विस्मृतीत गेलेलं ते अंडं 2009 मध्ये इथल्याच एका स्वयंसेविकेला अंड्यांचा संग्रह लावताना सापडलं. मोठी मुलं ही गोष्ट विसरत नाहीत.

फेब्रुवारीच्या हाफ-टर्मबद्दल विचाराल तर मी डोळे मिटून केंब्रिज म्हणेन. ‘ट्वायलाइट अ‍ॅट द म्युझियम्स’च्या संध्याकाळी शहरातल्या म्युझियममध्ये मुलं टॉर्च घेऊन फिरतात. अंधारात सांगाड्यांच्या सावल्या भिंतीवर हलतात तेव्हा धीट मुलंसुद्धा आईचा हात पकडतात. फार लहान मूल असेल तर मात्र घाबरेल, त्याला पुढच्या वर्षी न्या. काही ठिकाणी आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, म्हणून कार्यक्रम जाहीर होताच पाहून ठेवा.

मोठ्यांसाठी जात असाल, तर दोन्हीकडे व्याख्यानं होतात, पण माझा कौल ऑक्सफर्डला. 1860 मध्ये डार्विनचा पाठीराखा हक्स्ली आणि त्याला विरोध करणारे बिशप विल्बरफोर्स यांचा उत्क्रांतीवरचा वाद याच इमारतीत झाला. त्याच छताखाली बसून व्याख्यान ऐकताना वेगळंच वाटतं. शिवाय मागच्या दारातून पिट रिव्हर्स या मानववंशशास्त्राच्या म्युझियममध्ये जाता येतं, त्याला निदान दोन तास ठेवा.

मराठी शाळेची मुलं एकत्र नेणार असाल तर दोन्हीकडे आधी कळवा. हाताळायचे नमुने आणि ते दाखवणारी माणसं ऐन वेळी मिळतीलच असं नाही.

आणि उन्हाळ्यात जायचं असेल तर ऑक्सफर्डच. म्युझियमच्या मनोऱ्यात पाकोळ्या घरटी करतात, 1948 पासून त्यांचा अभ्यास चालू आहे, आणि घरट्यातली पिल्लं कॅमेऱ्यातून पाहता येतात. मेमध्ये येतात, ऑगस्टात आफ्रिकेकडे निघून जातात. त्यामुळे जूनमधला एखादा रविवार काढा.