काचपट्टी की किट?

इंदूरच्या रामबागेत पावसाळ्यात कुणाला हुडहुडी भरून ताप आला, की आमच्या घरी वाद ठरलेला: मलेरियासाठी काचपट्टीवर रक्त तपासायचं की झटपट किट? किट १५-२० मिनिटांत निकाल देतं, सूक्ष्मदर्शक लागत नाही. पण बरीच किट फॅल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचं एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. ते औषधानंतरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. परजीवी मेले तरी किट पॉझिटिव्हच! किती परजीवी आहेत, तेही त्याला सांगता येत नाही. काचपट्टीवर ते मोजता येतात. फक्त बघणारी नजर तयार हवी, आणि ती दुर्मीळ. (फ्रेंच डॉक्टर लाव्हरॉननं १८८० साली मलेरियाचा परजीवी पाहिला तो सूक्ष्मदर्शकातूनच.) अपरात्री मी किटच मागेन; उपचारानंतर ताप उलटला, तर मात्र काचपट्टी.