व्हिक्टोरिया फॉल्स, झांबियाच्या काठावरून: दिवाळीत नको, मे-जूनमध्ये या

झांबियाच्या राजधानीत, लुसाकात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे भारतातून पाहुणे येतात ते बरेचदा दिवाळीच्या सुट्टीत, आणि आल्याआल्या त्यांची पहिली फर्माईश व्हिक्टोरिया फॉल्सची असते. नेमक्या त्याच दिवसांत झांबियाच्या बाजूचा धबधबा नावापुरता उरलेला असतो, ही गोष्ट प्रवेशद्वारावर तिकीट फाडून देताना कोणी आपणहून सांगत नाही. त्यामुळे जिथून हा धबधबा पाहायचा त्या, लिव्हिंग्स्टन शहराजवळच्या मोसी-ओआ-तुन्या राष्ट्रीय उद्यानाला सरसकट एकच शेरा देणे मला पटत नाही. कोणत्या महिन्यात गेलात, यावर सगळे अवलंबून आहे.

आंबोलीला किंवा ठोसेघरला जायचे तर भर पावसाळ्यात, हे आपल्या अंगवळणी पडलेले गणित झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या ज्या झांबेझी नदीचा हा धबधबा आहे तिला लागू होत नाही. लिव्हिंग्स्टनच्या परिसरात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो, पण धबधब्याला पाणी मिळते ते मुख्यतः अंगोला आणि वायव्य झांबियाच्या उंच प्रदेशातून, आणि ते बारोत्सेच्या विस्तीर्ण पूरमैदानात पसरून, रेंगाळत, कित्येक आठवड्यांनी खाली पोहोचते. परिणामी शहरातला पाऊस ओसरतो तेव्हा नदी फुगत असते आणि एप्रिलच्या सुमारास तिला सर्वाधिक पाणी असते. उलट नोव्हेंबरमध्ये डोक्यावर ढग दाटलेले असतानाच नदी वर्षातल्या सर्वांत रोडावलेल्या अवस्थेत असते. एप्रिलमध्ये सेकंदाला सरासरी ३,००० घनमीटरच्या आसपास पाणी कोसळते, तर नोव्हेंबरमध्ये त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके. त्यातही नदीचे पात्र झिम्बाब्वेच्या बाजूला अधिक खोल असल्यामुळे उरलेसुरले पाणी तिकडूनच पडते, आणि झांबियाच्या वाट्याचे काही पाणी धबधब्याच्या वरच्या अंगालाच १०८ मेगावॉटच्या जलविद्युत केंद्राकडे वळवले जाते.

मग एप्रिलमध्येच जावे, असे कोणालाही वाटेल. तेही माझ्या मते अर्धेच खरे. हा धबधबा मोकळ्या दरीत पडत नाही. १,७०८ मीटर रुंदीची नदी आपल्याच पात्राला आडव्या गेलेल्या एका अरुंद भेगेत, जास्तीत जास्त १०८ मीटर खोल, कोसळते, आणि आपण उभे असतो ते त्या भेगेच्या समोरच्या काठावर, धबधब्याच्या माथ्याच्या जवळपास बरोबरीने. खाली आपटलेल्या पाण्याचे तुषार बाहेर पडायला वाट फक्त वरच्या दिशेने. एप्रिलमध्ये नाइफ-एज या पादचारी पुलावर पाऊल ठेवले की पाऊस खालून वर येतो, तो बाह्यांतून आणि रेनकोटच्या गळ्यातून आत शिरतो, चष्म्याच्या काचा पुसून उपयोग होत नाही, आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. धबधबा कानांना ऐकू येतो, छातीत जाणवतो, पण दिसत मात्र नाही. वाऱ्याने तुषारांचा पडदा क्षणभर बाजूला केला तर पलीकडची पांढरी भिंत दिसते आणि लगेच लुप्त होते. ज्यांना या अनुभवाचीच हौस आहे त्यांनी खुशाल जावे. दुरून आलेल्या आणि छायाचित्रांची आस धरलेल्या माणसाचा मात्र विरस होतो. जाहिरातींत छापलेली पूर आलेल्या धबधब्याची बहुतेक चित्रे आकाशातून घेतलेली असतात, हे तिथे उभे राहिल्यावर उमगते.

माझी पसंती मे अखेर ते जुलै या काळाला. पाणी अजून भरपूर असते, तुषार विरळ झालेले असतात, हवा कोरडी आणि सकाळी चक्क गार असते, आणि पूर्वेकडचा संपूर्ण प्रपात त्याच नाइफ-एज पुलावरून डोळे उघडे ठेवून पाहता येतो. पौर्णिमेच्या आसपास उद्यान रात्रीही वेगळ्या तिकिटावर उघडतात, तेव्हा चांदण्यातले इंद्रधनुष्य दिसू शकते; त्यासाठी तुषार हवेतच, म्हणून हा बेतही दिवाळीच्या सुट्टीत करण्यात अर्थ नाही. भारतातल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीचे शेवटचे दिवस या दृष्टीने फार सोयीचे आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच जागेवरून काळ्या बसाल्टचा उघडा कडा आणि त्यावरून ओघळणाऱ्या काही बारीक धारा दिसतात. भूगोलाची आवड असणाऱ्याला खडकातल्या भेगा आणि दरीची खोली तेव्हाच नीट पाहता येते, हे मान्य. पण तेवढ्यासाठी लुसाकाहून रस्त्याने पावणेपाचशे किलोमीटर यायला मुले तयार होत नाहीत. कमी पाण्याच्या दिवसांत धबधब्याच्या माथ्यावरच्या लिव्हिंग्स्टन बेटावरून कड्याच्या अगदी टोकावरच्या डेव्हिल्स पूल या नैसर्गिक कुंडात उतरता येते, मात्र त्याचे पैसे वेगळे, माणशी शंभर डॉलरच्या वर, आणि धाडसाची आवड नसलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

उद्यानातली व्यवस्था साधी पण पुरेशी आहे. पायवाटा बांधलेल्या आहेत, तरी दगडांवर शेवाळ धरते, तेव्हा चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल हवी. प्रवेशद्वारापाशी भाड्याने मिळणारे रेनकोट आधीच्या गिऱ्हाइकाच्या अंगावरून ओलेच आपल्या हातात येतात आणि त्यांची बटणे जागेवर असतीलच असे नाही. घरून आणलेला बरा. बबून माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो, आणि पिशवीत चिवडा असो वा कॅमेरा, ती हिसकावताना ते भेदभाव करत नाहीत. दरीच्या तळाशी पाणी घुसळते त्या बॉइलिंग पॉटकडे उतरणारी दगडी वाट सुंदर आहे, पण चढताना गुडघ्यांची परीक्षा घेते आणि नदीला पाणी फार असले की बंद ठेवतात.

दिवाळीशिवाय जमतच नसेल, तर व्हिसाची सोय आधी पाहून सरळ झिम्बाब्वेच्या बाजूला जावे. तिकडचे तिकीट महाग आहे, पण धबधब्याचा बहुतांश दर्शनी भाग तिकडूनच दिसतो आणि त्या बाजूच्या डेव्हिल्स कॅटरॅक्ट या प्रपाताला कोरड्या ऋतूच्या अखेरीसही पाणी असते. ज्यांना सीमा ओलांडायची नाही, त्यांना झांबियाच्या सीमाचौकीवर पासपोर्ट दाखवून दोन्ही देशांना जोडणाऱ्या १९०५ सालच्या रेल्वे पुलापर्यंत चालत जाण्याचा पास मिळतो. पुलावर झिम्बाब्वेच्या बाद झालेल्या अब्जावधी डॉलरच्या नोटा विकणारे तरुण मागे लागतात, आणि घासाघीस करायची तयारी असेल तर नोट पहिल्या भावाच्या निम्म्याहून कमीत मिळते.