सीबॅम: डिफॉल्ट आकडे चालवून घ्यावेत की स्वतःचे मोजावेत?

युरोपात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट किंवा खतं पाठवणाऱ्या कारखान्यांना आता एक निर्णय टाळता येणार नाही. सीबॅम हा युरोपीय संघाचा सीमेवर कार्बनची किंमत वसूल करणारा कायदा. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ या काळात त्याखाली फक्त तिमाही अहवाल द्यावे लागत होते. १ जानेवारी २०२६ पासून त्यात पैसे आले. २०२६ मध्ये युरोपात उतरलेल्या मालाची प्रमाणपत्रं (एक टन उत्सर्जनामागे एक घ्यावं लागतं) १ फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळतील आणि त्या वर्षाचं विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत भरायचं आहे.

पैसे भरण्याची जबाबदारी कायद्याने युरोपातल्या आयातदारावर टाकली आहे. पण उत्सर्जन होतं ते तुमच्या कारखान्यात, त्यामुळे आकडा तुमच्याकडूनच मागितला जातो. बिल फुगलं तर त्याचा भार पुढच्या ऑर्डरच्या भावावर पडतो. हा आकडा देण्याच्या दोन वाटा आहेत: युरोपीय आयोगाने ठरवून दिलेली डिफॉल्ट मूल्यं वापरायची, किंवा स्वतःचं उत्सर्जन मोजून, पडताळून घ्यायचं.

त्याआधी एक गोष्ट ग्राहकाला विचारून घ्या. २०२५ च्या दुरुस्तीनुसार वर्षाला ५० टनांपर्यंत आयात करणाऱ्याला सीबॅममधून सूट आहे (वीज आणि हायड्रोजनला ही सूट नाही). पण हे ५० टन त्या आयातदाराचे असतात, तुमचे नव्हे. तुम्ही आठ टन पाठवलेत आणि त्याने बाकीच्यांकडून साठ टन घेतले, तर तुमचे आठ टनही हिशेबात येतात. ग्राहक खरोखरच ५० च्या आत असेल तर तूर्त काही करायची गरज नाही.

डिफॉल्ट वाटेचं आकर्षण उघड आहे. देश आणि मालाचा सीमाशुल्क कोड पाहायचा, तक्त्यातला आकडा घ्यायचा, काम संपलं. मीटर बसवायला नको, पडताळणीसाठी कोणी यायला नको. पण या आकड्यांवर मुद्दाम वाढ लावलेली आहे: २०२६ साठी १० टक्के, २०२७ साठी २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के. खतांना मात्र फक्त १ टक्का. म्हणजे ही वाट दरवर्षी महाग होत जावी अशीच तिची रचना आहे.

मोजण्याच्या वाटेवर काम बरंच आहे. कॅलेंडर वर्षभर जळलेला गॅस, कोळसा, तेल, प्रक्रियेतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, कुठल्या मालाचं किती उत्पादन झालं आणि बाहेरून आणलेल्या कच्च्या मालातलं उत्सर्जन या सगळ्याची कागदोपत्री नोंद लागते. मग अधिस्वीकृती मिळालेली संस्था ती पडताळते, आणि पहिल्या वर्षी तिला प्रत्यक्ष कारखान्यात यावं लागतं. वर्ष संपल्यावर जुनी बिलं गोळा करून हे जमत नाही. ज्याने जानेवारीपासून भट्टीनिहाय नोंदी ठेवल्या नाहीत, त्याची पडताळणी तिथेच अडते.

पुष्कळजण इथे एक चुकीचा हिशेब धरून बसतात. ‘२०२६ मध्ये फक्त २.५ टक्के भरायचंय, एवढ्यासाठी कशाला धडपड’ असा तो हिशेब. हे २.५ टक्के येतात कुठून? युरोपातल्या कारखान्यांना मिळणारा फुकट कार्बन कोटा हळूहळू बंद होतोय: २०२६ मध्ये २.५ टक्के, २०२८ मध्ये १०, २०३० मध्ये ४८.५ आणि २०३४ मध्ये पूर्ण. तोवर उरलेल्या कोट्याइतकी वजावट आयात मालालाही मिळते. पण हा कोटा एका बेंचमार्कवर, म्हणजे उत्सर्जनाच्या ठरवून दिलेल्या पातळीवर, मोजला जातो, आणि तो बेंचमार्क चांगल्या, कार्यक्षम कारखान्यांचा असतो. बेंचमार्कच्या वर तुमचं जेवढं उत्सर्जन आहे, त्याचे पूर्ण पैसे पहिल्याच वर्षापासून लागतात.

आकडे धरून पाहू. हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. समजा एका टन पोलादामागे तुमचं मोजलेलं उत्सर्जन २ टन आहे, त्या मालाचं डिफॉल्ट मूल्य ३ टन, बेंचमार्क १.३ टन आणि प्रमाणपत्राचा भाव ८० युरो. २०२६ मध्ये बेंचमार्कचा ९७.५ टक्के भाग, म्हणजे सुमारे १.२७ टन, वजा होईल. मोजलेल्या आकड्यावर उरतात ०.७३ टन, म्हणजे सुमारे ५९ युरो. डिफॉल्टवर आधी १० टक्के वाढ धरून ३.३ टन, त्यातून वजावट जाऊन २.०३ टन, म्हणजे सुमारे १६३ युरो. दर टनामागे फरक १०४ युरो. वाढ ३० टक्के झाली की हाच फरक १५२ युरोंवर जातो.

फुकट कोट्याची वजावट दोन्ही बाजूंना सारखीच धरली आहे, म्हणून फरकावर तिचा परिणाम होत नाही. (प्रत्यक्ष नियमांत दोन्हींसाठी बेंचमार्क वेगळे असू शकतात, तुमच्या मालाचा बेंचमार्क नीट पाहून घ्या.) फरक ठरतो तो तुमचा खरा आकडा आणि वाढीव डिफॉल्ट आकडा यांतल्या अंतरावर. हे अंतर मोठं असेल तर २०३४ ची वाट पाहण्यात काही अर्थ नाही.

यावरून आपला आकडा काढणं सोपं आहे. मोजणी आणि पडताळणीचा वर्षाचा खर्च टनामागच्या फरकाने भागा. खर्च १५,६०० युरो धरला आणि फरक १०४, तर वर्षाला १५० टनांच्या पुढे मोजणं फायद्याचं. खर्च जवळपास ठरलेला असतो, तो टनांबरोबर वाढत नाही. शिवाय एकच पडताळलेला अहवाल सगळ्या ग्राहकांना चालतो. सीबॅमच्या नोंदवहीत कारखान्याला स्वतःची माहिती भरून ती आयातदारांना खुली करता येते.

भंगारावर चालणाऱ्या विद्युत भट्टीच्या कारखान्याला मोजण्यात सगळ्यात जास्त मिळतं. जागतिक सरासरीत ब्लास्ट फर्नेसच्या (कोळशावर लोहखनिज वितळवणाऱ्या भट्टीच्या) पोलादामागे टनाला दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, भंगाराच्या वाटेने एक टनाहून कमी. डिफॉल्ट आकडा देश आणि माल पाहून लावला जातो, त्यामुळे अशा कारखान्याने डिफॉल्ट घेतलं तर शेजारच्या ब्लास्ट फर्नेसचं ओझंही त्याच्याच बिलावर चढतं.

उलट बाजूही खरी आहे. ज्याचं उत्सर्जन डिफॉल्टपेक्षा जास्त आहे, त्याला निदान २०२६ मध्ये डिफॉल्टच स्वस्त पडू शकतं. कायद्याने याला मज्जाव नाही. अशा कारखान्याला मी घाईने पडताळणी करून घ्यायला सांगणार नाही. पण आतल्या आत मोजणी सुरू करावीच, कारण वाढ ३० टक्क्यांवर गेली की गणित पुन्हा करावं लागेल.

बोल्ट, नट, स्क्रू बनवणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. त्यांचा माल सीबॅममध्ये येतो, पण त्यातलं बहुतेक उत्सर्जन त्यांच्या कारखान्यात होतच नाही. ते वायर रॉड (ज्या सळईपासून बोल्ट बनतात ती) बनवणाऱ्या पोलाद कारखान्यात आधीच होऊन गेलेलं असतं. पोलादाला सध्या थेट उत्सर्जनच लागू आहे, विजेचं उत्सर्जन धरलं जात नाही, त्यामुळे छपरावर सौर पॅनेल बसवून हा आकडा हलत नाही. वायर रॉडचा पडताळलेला आकडा पुरवठादाराने दिला नाही, तर त्या भागाला डिफॉल्टच लागतं, आणि मग स्वतःची भट्टी कितीही नीट मोजली तरी फारसं काही वाचत नाही. अशा उद्योगाने पडताळणीवर खर्च करण्याआधी पुरवठादारांना पत्र लिहून दोन गोष्टी विचाराव्यात: पडताळलेला आकडा देणार का, आणि कधी? ज्याचं उत्तर स्पष्ट असेल, त्याचा माल थोडा महाग असला तरी हिशेबात स्वस्त ठरू शकतो.

तयार मालाच्या बाकी उत्पादकांनीही लक्ष ठेवावं. १७ डिसेंबर २०२५ ला आयोगाने पोलाद आणि ॲल्युमिनियमपासून बनणाऱ्या सुमारे १८० वस्तू २०२८ पासून सीबॅममध्ये आणण्याचा प्रस्ताव मांडला. हा प्रस्ताव आहे, कायदा नव्हे, पण नोंदी ठेवायची सवय लागायला वेळ जातोच. स्वतःच्या देशात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर तिची वजावट मागता येते. त्यातून परत मिळालेली सूट मात्र वजा होते.

आता पैशाचा प्रश्न. मोजणीचा खर्च तुम्ही करता आणि प्रमाणपत्रं वाचतात आयातदाराची. हे करारात लिहिलं नाही तर वाचलेले १०४ युरो त्याच्याच खिशात राहतात. करारात स्वच्छ लिहून घ्या: पडताळलेला आकडा दिल्यास डिफॉल्टच्या तुलनेत वाचलेल्या रकमेतला किती वाटा भावात मिळेल, प्रमाणपत्राचा भाव कुठल्या तिमाहीचा धरायचा, आणि अहवाल उशिरा आला तर फरक कोण सोसणार. २०२६ च्या आयातीसाठी भाव युरोपीय कार्बन परवान्यांच्या लिलावांच्या तिमाही सरासरीवर ठरतो आणि २०२७ पासून आठवड्याच्या सरासरीवर, म्हणून तारखेचा उल्लेख नसलेलं कलम पुढे वादाचं कारण होतं. प्रमाणपत्रं कमी भरली तर टनामागे १०० युरोंच्या घरात दंड आहे. तो ग्राहकाला भरावा लागतो, पण तुमच्या चुकीच्या आकड्यामुळे लागला तर तो तुमच्याकडेच वळवण्याचं कलम काही करारांत आधीच घातलेलं असू शकतं. सही करण्याआधी ते शोधून वाचा.