फोंडा ते कुर्डी आडनावांची सहल: जरूर करा, फक्त मे महिन्यात

गोव्यातली गावं आणि त्यांच्यावरून पडलेली आडनावं असा विषय घेऊन फोंड्याहून एका दिवसाची मिनीबस सहल निघते, ती केली. पैसे वसूल, आधीच सांगते.

गाईड ताई एकदम तयारीच्या. मंगेशीला आत जायच्या आधीच त्यांनी सांगितलं की मंगेश मूळचा इथला नव्हेच, तो कुठ्ठाळीचा, पोर्तुगीज देवळं मोडायला लागले तेव्हा 1560 मध्ये लोकांनी त्याला नदीपलीकडे प्रियोळात आणला, मग देवावरून जागेला मंगेशी म्हणायला लागले आणि तिथले दीनानाथ मंगेशकर झाले, म्हणजे लताबाईंचं आडनाव गावाचंही आणि देवाचंही. म्हार्दोळचं तर त्याहून भारी, म्हाळसा वेर्ण्याहून आली ती जागेचं नाव सोबत घेऊनच, वेर्ण्यात आजही जुनं म्हार्दोळ आहे!

बसमध्ये मग सगळे सुरूच झाले, बांदोड्याचे बांदोडकर, पर्र्याचे पर्रीकर, शिरोड्याचे शिरोडकर. मुंबईहून आलेल्या एका बोरकर काकांनी बोरी कधी पाहिलीच नव्हती. ताईंनी मुद्दाम बस थांबवली, काका गावाच्या पाटीला हात लावून उभे राहिले आणि तिथूनच भावाला व्हिडिओ कॉल. कवी बाकीबाब बोरकरही ह्याच बोरीचे हे कळल्यावर तर त्यांना काय करू नि काय नको झालं.

पण खरी सहल कुर्डीची. साळावली धरणात गाव गेलं, लोकांना वाडे आणि वालकिणीला वसवलं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव परत वर येतं. भेगाळलेली माती, चिऱ्यांची जोती, माडांची खोडं, सोमेश्वराचं देऊळ. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर इथल्या, 1904 चा जन्म. गाव वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली पण नाव जगभर गातंय, मला तर भरून आलं. इथे निदान दोन तास हवेच होते, अर्ध्या तासात हाकलत बसमध्ये बसवलं, हे अजिबात पटलं नाही.

दुसरी तक्रार, ख्रिस्ती आडनावं जाता जाता उरकली. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, परेरा म्हणजे पेअरचं झाड, एवढंच. अहो, धर्मांतरात नवीन आडनावं मिळाली तरी ही घरं त्याच गावांतली ना, अर्धा गोवा कसा काय सोडता? लोटली किंवा राय अशा ख्रिस्ती वस्तीच्या गावात एक थांबा घ्या, मंगेशीचं जेवण पंधरा मिनिटं कमी करा हवं तर.

जेवण बरं होतं, बसचा एसी मात्र मागे पोचत नाही, पुढची सीट मागून घ्या. कुर्डीत सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी न्याच, आणि पाऊस लागायच्या आत बुकिंग करा.